उपयोजित वर्तन विश्लेषण : पदवी अभ्यासक्रमातील स्थान

वर्तनामागील परिस्थिती आणि वर्तनाचे परिणाम तपासून उपयुक्त बदल घडवणारी मानसशास्त्राची शाखा. पाया बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानाचा. बेअर, वुल्फ व रिस्ली यांच्या १९६८ च्या लेखाने तिची चौकट ठरली. बी.ए.च्या विद्यार्थ्याला हा विषय मुख्यतः ‘अध्ययन’ या प्रकरणातील अभिसंधान व प्रबलनातून भेटतो.

खरे शिक्षण नोंदवहीत होते. समजा, एक मूल तहान लागली की किंचाळते. आई लगेच पेला देते. आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय मिळाले, असे तीन रकाने भरले की किंचाळण्याचे काम उमगते. मग पेल्याकडे बोट दाखवताच पाणी द्यायचे आणि रोजच्या नोंदी आलेखावर मांडायच्या.

स्वमग्नतेच्या क्षेत्रात ही पद्धत सर्वाधिक वापरली जाते. मात्र मुलाला ‘इतरांसारखे’ करण्याच्या अट्टहासावर स्वमग्न प्रौढांनीच घेतलेले आक्षेप रास्त आहेत. ते वर्गात शिकवलेच पाहिजेत. केवळ बी.ए.च्या बळावर उपचार करता येत नाहीत; चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.