कर्करोगजनक विषाणू

पेशीवाढीवरील नियंत्रण सैल करून माणसात कर्करोग होण्यास कारणीभूत ठरणारे विषाणू. संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग होत नाही आणि ज्यांना होतो त्यांनाही बहुधा काही दशकांनी होतो.

पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी गाळून काढून दुसऱ्या कोंबडीला टोचला आणि तिलाही तशीच गाठ झाली. या कामाला नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये! माणसातील पहिला असा विषाणू, एपस्टाइन–बार, १९६४ मध्ये आफ्रिकेतील मुलांना होणाऱ्या बर्किट लिंफोमाच्या पेशींत आढळला. हेपटायटिस बी आणि सी विषाणूंमुळे यकृताचा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि या उलथापालथीत जनुकीय चुका साचतात. एचआयव्हीचा मार्ग आडवळणाचा : तो प्रतिकारशक्ती खच्ची करतो आणि इतर विषाणूंचे फावते.

सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही). संशयाची सुई आधी हर्पीस विषाणूवर होती. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ व १९८४ मध्ये गाठींतून एचपीव्ही-१६ आणि १८ वेगळे केले. सुमारे ७० टक्के रुग्णांत हेच दोन प्रकार असतात. शरीरसंबंधातून आलेला हा विषाणू अस्तराच्या तळाच्या पेशींत शिरतो. डीएनएच्या प्रती काढण्याची पुरेशी यंत्रणा त्याच्याकडे नसते आणि वरच्या थरांतील पेशींनी विभाजन थांबवलेले असते. म्हणून त्याचे ई७ प्रथिन पेशीचा आरबी हा लगाम सोडवते, तर बिघडलेल्या पेशीला मरणाकडे नेणाऱ्या पी५३ प्रथिनाचा ई६ नाश घडवते. बहुतेक संसर्ग दोनेक वर्षांत आपोआप जातात. रेंगाळलेल्या संसर्गात मात्र विषाणूचा डीएनए कधीकधी तुटून मानवी गुणसूत्रात अडकतो, ई६ व ई७ला आवर घालणारे ई२ जनुक निकामी होते आणि ही दोन प्रथिने मोकाट सुटतात. अशा पेशीतून सहसा नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. म्हणजे विषाणूच्या दृष्टीनेही हा आतबट्ट्याचाच व्यवहार. हेन्रिएटा लॅक्स यांच्या १९५१ मधील गाठीपासून वाढवलेल्या 'हेला' पेशींत एचपीव्ही-१८ची ई६ व ई७ ही जनुके आजही कार्यरत आहेत. ती बंद केली की पेशींची वाढ थांबते.

संसर्ग ते कर्करोग हा दीर्घ काळ प्रतिबंधाच्या पथ्यावर पडतो. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासणीविना ठेवलेल्या गटावरून पुढे नैतिक वादही झाला, आणि तो गैरलागू नव्हता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक या एचपीव्हीविरोधी लशीला २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली. लस आधीपासून असलेला संसर्ग घालवत नाही. म्हणून ती किशोरवयात घ्यावी, आणि लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी टाळू नये.