एक नाव, दोन कीर्ती

श्रोतेहो, घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे टांग्याचा नाहीतर नवरदेवाचा घोडा येतो. आजची गोष्ट आहे चार लाखांच्या शिंगराची.

१९४५ साली इंग्लंडमधल्या लिलावात बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना घेतले. गिनी म्हणजे २१ शिलिंग. तेव्हाच्या हिशेबाने ही रक्कम जवळजवळ चार लाख रुपये होते. तिकडच्या बाजारात तो उच्चांक ठरला.

या शौकात महाराजांच्या बरोबरीने होत्या महाराणी सीतादेवी. पिठापुरमच्या राजघराण्यातली ही लेक, जन्म १९१७ चा. १९४३ साली महाराजांशी त्यांचे लग्न झाले. महाराजांची पहिली राणी हयात होती आणि बडोद्यात दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदाही होता; पण तो राजाला लागू नाही, असे सांगण्यात आले! पुढे युरोपातल्या शर्यती, मेजवान्या आणि जडजवाहीर यांतच सीतादेवींचे नाव गाजत राहिले.

शिंगराने पैसे फेडले म्हणायचे. १९४७ साली त्याने आयर्लंडची डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. पुढच्या वर्षी महाराजांच्याच ‘माय बाबू’ने ‘टू थाउजंड गिनीज’ ही शर्यत मारली.

त्या शिंगराचे नाव काय होते, ठाऊक आहे? ‘सयाजीराव’!

हेच नाव महाराजांच्या आजोबांचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, पुढे गावोगावी वाचनालये काढली. तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली, तीही याच तिजोरीतून.

१९४९ साली बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले. महाराजांनी तिजोरीतून उचललेल्या रकमांची चौकशी झाली आणि १९५१ साली भारत सरकारने त्यांना गादीवरून दूर केले. सीतादेवी मोनॅकोत आणि पॅरिसमध्ये राहिल्या. दागिने हळूहळू विकले गेले. १९८९ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

तिजोरी तीच, पैसा रयतेच्या घामाचा. गुरुजी, मुलांना हा इतिहास सांगाल तेव्हा घोड्याचे कौतुकही जरूर करा. धावला तो मनापासून. पण त्याच पैशात किती गावांच्या शाळा चालल्या असत्या, तो हिशेब मुलांनाच फळ्यावर मांडू द्या.