दावणीवरचे मरण आणि पहिला संशय

शेतकऱ्याच्या घरी माणूस गेले तर त्याचे सुतक दहा दिवसांचे असते. पण ऐन पेरणीच्या तोंडावर दावणीचे बैल गेले तर ते सुतक पुढच्या हंगामापर्यंत, आणि कर्ज काढावे लागले तर पुढच्या पिढीपर्यंतही फिटत नाही. त्यातून एखाददुसरे जनावर दगावले तर दैवाला बोल लावून माणूस गप्प बसतो. काल संध्याकाळी धडधाकट परतलेला कळप आज आडवा झालेला दिसला म्हणजे मात्र दैव पुरे पडत नाही. मरण डोळ्यांसमोर असते, कारण दिसत नाही. आणि ते दिसेपर्यंत थांबण्याचा धीर कोणातही नसतो. मरण आणि त्याचा उलगडा यांच्या मधल्या काळात आपल्या देशात जे घडले, त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या मधल्या काळासाठी गावाजवळ दोन उत्तरे असत. पहिले देवीच्या कोपाचे. महाराष्ट्रात मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडीत; साथ आपल्या गावातून गेली एवढे समाधान मिळे, मग पलीकडच्या गावाचे काही होवो. दुसरे उत्तर माणसाच्या कपटाचे. देवीला जाब विचारता येत नाही, माणसाला येतो. म्हणून या दुसऱ्या उत्तराचे परिणाम अधिक दूरवर गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८५० नंतरच्या काही वर्षांत, वायव्य प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, आझमगढ व आसपासच्या जिल्ह्यांत गुरे मोठ्या प्रमाणावर मरू लागली. सरकारी दफ्तरांत त्याचे एक कारण पुन्हा पुन्हा नोंदले गेले: कातडी कमावणारा चर्मकार समाज कातड्यांसाठी गुरांना सोमल घालतो. मेलेल्या जनावराचे कातडे रूढीने त्यांचे. कातड्याचा व्यापार तर वाढीस लागलेला. मरणाचा लाभ ज्याला, मारणाराही तोच, असा हा सरळ हिशेब होता. शहरातील कातड्याचे व्यापारीच आगाऊ पैसे देतात आणि विषही पुरवतात, असाही आरोप झाला. धरपकड झाली, शिक्षा झाल्या, आणि एक संबंध जात विषप्रयोग करणारी म्हणून कागदोपत्री रूढ झाली.

हा आरोप निखालस कल्पित होता, असे आम्ही म्हणणार नाही. गुरांवर विषप्रयोग होत असत. सरकारी रसायन-परीक्षकांकडे आलेल्या जठरांत सोमल सापडल्याच्या नोंदी आहेत. गुंजेच्या बियांचे पीठ करून, त्याच्या बारीक सुया वळून व वाळवून त्या जनावराच्या कातडीत खुपसण्याची रीतही न्यायवैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत वर्णिलेली आहे. हाडवैर, भाऊबंदकी, लोभ ही कारणे एखाददुसऱ्या जनावराच्या मृत्यूला पुरेशी आहेत. पण काही जणांचा अपराध सर्वांचा झाला, आणि काही मृत्यूंचे कारण सर्व मृत्यूंचे झाले, तेथे चूक घडली. लाभाचा पुरावाही लंगडाच होता. जनावर विषाने मरो, रोगाने मरो वा म्हातारपणाने मरो, कातडे त्याच हाती जावयाचे होते. जी गोष्ट प्रत्येक मरणानंतर घडते, तिच्यावरून एकाही मरणाचे कारण सिद्ध होत नाही.

मग एवढी गुरे मरत होती कशाने? १८६५ साली इंग्लंडात गुरांची भयंकर साथ आली आणि रोगी जनावरे मारून ती आटोक्यात आणावी लागली. पुढे १८६९ मध्ये हिंदुस्थानातही गुरांच्या साथींच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला गेला. पशुवैद्य हॅलेन हे त्याचे प्रमुख. आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील साथ आणि येथील साथ एकच आहे, ती संसर्गाने पसरते, आणि येथे ती ठाण मांडून बसली आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. आपल्याकडे या रोगाला बुळकांडी म्हणतात. ताप, तोंडात व्रण, डोळ्यांना धारा, मग अनावर हगवण, आणि आठदहा दिवसांत मृत्यू. ज्या कळपाने हा रोग पूर्वी पाहिलेला नाही, त्यातील शंभरांपैकी नव्वद जनावरेही तो नेऊ शके. बाजारातून आणलेला एक बैल गावाची दावण रिकामी करण्यास पुरेसा होता.

बुळकांडी निदान काही दिवसांची सवड देई. फाशी, म्हणजे जिला माणसांत काळपुळी म्हणतात ती, तेवढीही देत नाही. रात्री चरून आलेले जनावर सकाळी फुगून पडलेले असते, नाकातून व गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त वाहते. कोणाही पाहणाऱ्याला हे विषच वाटावे. या रोगाचे जंतू कसे वाढतात हे रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये दाखवून दिले. मेलेले जनावर फाडले की जंतूंना हवा लागते, त्यांची टणक बीजे बनतात, आणि ती बीजे मातीत कित्येक दशके टिकतात. म्हणून तेच कुरण काही वर्षांनी पुन्हा मारू लागते. यातील क्रूर भाग असा की, जनावर सोलणाऱ्याच्या हातावरील एखादा ओरखडाही त्यालाच काळपुळी होण्यास पुरेसा असतो. ज्याच्यावर विष घातल्याचा संशय, तोच त्या विषाच्या सर्वांत जवळ उभा होता.

तिसरे कारण तर शेतातच उभे असते. पावसाने ताण दिला, कोवळी ज्वारी खुरटली, आणि भुकेला कळप तिच्यात शिरला, तर तासाभरात जनावरे कोसळतात. अशा ज्वारीत प्रुसिक आम्ल निर्माण करणारे द्रव्य असते, हे डन्स्टन व हेन्री यांनी १९०२ मध्ये उकलले. कोवळ्या ज्वारीत गुरे सोडू नयेत, हे आपल्या शेतकऱ्याला त्याआधीपासून ठाऊक होते. दुष्काळात मात्र जाणतेपणापेक्षा भूक मोठी ठरते.

त्याच १९०२ साली निकोल व आदिल बे या दोघांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये असे दाखविले की, बुळकांडीचे कारण जंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होते. त्यावरील आपल्या देशातील कामाचा आरंभ १८८९ साली पुण्यात, सायन्स कॉलेजात स्थापन झालेल्या प्रयोगशाळेने झाला. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरास गेली. उत्तरेत बदलीवर असलेल्या आमच्या वाचकांपैकी काहींनी ते देवदारांतील ठिकाण पाहिलेही असेल. १८९७ मध्ये स्वतः कॉख तेथे येऊन गेले. पुढे १९२०च्या दशकात एडवर्ड्स यांनी तेथेच शेळीच्या शरीरातून रोगविष पुनःपुन्हा नेऊन लस तयार केली. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये देशव्यापी मोहीम हाती घेतली. १९९५ नंतर बुळकांडी येथे दिसली नाही. आणि २०११ मध्ये सारे जग तिच्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसराच रोग.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. महाराष्ट्रात मेलेले ढोर ओढून नेणे हे महारांचे गावकीचे काम होते, आणि त्याचे कातडे व मांस हा त्यांचा हक्क समजला जाई. गावाने ज्याला हक्क म्हटले, त्यातच संशयाचे बीज होते: ढोर मेले तर लाभ यांचा! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला. त्याकडे आपण बहुधा स्वाभिमानाचा उपदेश म्हणून पाहतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु गुरांच्या साथींचा हा इतिहास समोर ठेवला म्हणजे त्यातील आणखी एक अर्थ उमगतो. दुसऱ्याच्या गोठ्यातील मरणाशी आपले पोट बांधले गेले असेल, तोवर त्या मरणाचा जाबही आपल्यालाच द्यावा लागतो. ती गाठ तोडणे हा त्या संशयातून बाहेर पडण्याचाही मार्ग होता.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या सहीने अहवाल पुढे जातात. गोष्ट गुरांची असो वा माणसांची, कारण सापडलेले नसते आणि उत्तर मात्र आजच पाठवावयाचे असते, असा प्रसंग प्रत्येकावर येतो. आझमगढच्या अधिकाऱ्यांवरही तोच आला होता. ते सारेच दुष्ट होते, असे मानण्याचे कारण नाही. गावाने सांगितले ते त्यांनी लिहिले. पहिल्याने लिहिले ते दुसऱ्याने उतरून घेतले. आणि तिसऱ्याच्या हाती येईपर्यंत संशयाची माहिती झाली होती. ‘कारण अद्याप समजले नाही’ हे वाक्य कागदावर दुबळे दिसते, पण ते लिहिण्याचे धैर्य तेव्हा दाखविले गेले असते, तर कित्येक निरपराध माणसे तुरुंगाबाहेर राहिली असती.

बुळकांडीतून जग मुक्त झाल्याची घोषणा झाली. तिच्यापायी ज्यांच्यावर संशय घेतला गेला, ती माणसे त्यातून मुक्त झाल्याची घोषणा मात्र कोणी केली नाही.