घाटाने पाठवलेली गिऱ्हाइकं

खोपोलीतल्या आमच्या गॅरेजला गिऱ्हाईक शोधायला जावं लागत नसे. बोरघाटच ते पाठवायचा. मुंबईहून निघालेली गाडी पनवेल, चौकपर्यंत गुमान यायची आणि चढाला लागली की तिचं पोटातलं बाहेर पडायचं. घाटाचा हा रस्ता गव्हर्नर माल्कम यांनी १८३० साली खुला केला, तेव्हा मोटार जन्मायची होती. पण जुन्या मोटारींची सर्वांत कडक तपासणी याच रस्त्याने केली, असं मी मानते. गाडी सर्व्हिसिंगला आलीय हे मालकाला कंपनीच्या पुस्तकाआधी घाट सांगायचा.

माझ्या लहानपणी गाड्या म्हणजे मुख्यतः फियाट आणि अँबॅसेडर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट १९७४ पासून पद्मिनी झाली. आमचे अण्णा शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इग्निशनचे सीबी पॉइंट झिजले, प्लगवर काजळी धरली, तरी सपाटीवर ती कुरकुर न करता पळायची. चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेले पॉइंट तिथे उघडे पडतात. गाडी मिसिंग करते, ओढत नाही. पंख्याचा पट्टा ढिला असेल किंवा रेडिएटरमध्ये क्षार साचले असतील, तर दुसऱ्या गिअरवर रांगताना समोरून वाराही मिळत नाही आणि पाणी उकळतं. क्लच घासलेला असेल तर इंजिन ओरडतं, पण गाडी जागची हलत नाही.

कधी पेट्रोलच पाइपात तापून त्याची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. त्यावर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेला इलाज म्हणजे इंजिनाजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं. ते फडकं गुंडाळूनच लोक वळून परत खाली आमच्याकडे येत. अण्णा बोनेट उघडायच्या आधी विचारायचे, "कुठपर्यंत गेला होतात?" घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत पोचून परत आलो म्हटलं की एक अंदाज, पहिल्याच वळणाला थांबलो म्हटलं की दुसरा. त्या देवळाशी ड्रायव्हर नाणं टाकतात. अण्णाही टाकायचे, आणि पुढे म्हणायचे की देवाला नाणं, गाडीला ऑइल, दोन्ही वेळेवर.

पुण्याहून उतरणाऱ्यांची तक्रार वेगळी. त्यांच्या ब्रेक लायनरचा जळका वास गाडी थांबण्याआधीच गॅरेजात शिरायचा.

गॅरेजची वही मी लिहायचे. शाळा सुटली की दप्तर टाकून तिथेच बसायचं. रकाने अण्णांनी पट्टीने आखलेले होते: तारीख, गाडी नंबर, किलोमीटर, काम, पैसे. यातला किलोमीटरचा रकाना बघण्यासारखा आहे, कारण पानंच्या पानं तिथे 'मीटर बंद' एवढंच लिहिलेलं आहे. स्पीडोमीटरची केबल तुटली तर ती बदलण्यात पैसे घालवणारी माणसं थोडी. मग इतक्या किलोमीटरला ऑइल बदला, इतक्यांना टॅपेट तपासा, हे छापील कोष्टक काय कामाचं? लोक पंचांगावर चालायचे. पावसाआधी ब्रेक आणि वायपर. गणपतीला कोकणात जायचं म्हणून ग्रीसिंग, ट्यूनिंग. आणि दसऱ्याला गाडीला हार घालायचा म्हणून आदल्या आठवड्यात धुणं-पुसणं, त्यात जमलं तर ऑइल.

अण्णांची तपासणी बोटांची आणि डोळ्यांची होती. प्लग काढून पोर्सेलिनचा रंग बघायचा. बिस्किटासारखा तपकिरी असला तर ठीक, काळा कुळकुळीत असला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट पडला तर कमी. ऑइल चिमटीत चोळून त्याचाही रंग बघायचे. इथे मी त्यांच्याशी भांडायचे, आणि अजूनही माझं म्हणणं सोडलेलं नाही: रंगावरून ऑइल बाद ठरवणं खरं नव्हे. चांगलं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं, म्हणून काळं होतं. डिझेल गाडीत तर ते बदलल्यावर बघता बघता काळं पडतं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर सर्व्हिसची कुपनं. पहिली सर्व्हिस कधी, पुढची कधी, हे कागदावर ठरलेलं. मालक मीटरकडे आणि तारखेकडे पाहू लागला, घाटाकडे पाहायचं त्याला कारण उरलं नाही. ती गाडी चढायचीही हसतखेळत. पुढे कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, पॉइंट गेले, आणि २००२ पर्यंत मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला. खोपोली बाजूला पडली. वहीत रोज पान भरायचं, ते आठवड्याला भरू लागलं.

आता सर्व्हिसची वेळ झाली की डॅशबोर्डवर पान्ह्याचं चित्र लागतं. बीएमडब्ल्यूने १९८२ च्या सुमारास हिरव्या, पिवळ्या, लाल दिव्यांची पट्टी बसवली, ती अंतराबरोबर इंजिनाचे फेरे आणि तापमानही धरायची. म्हणजे गाडी किती चालली यासोबत किती राबली, हेही मोजायची. आमचा घाट वेगळं काय करत होता? आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांतला पान्हा मात्र नुसते किलोमीटर आणि दिवस मोजतो, आणि ऑइलचा थेंब न बदलता बटण दाबून विझवता येतो. पुस्तकाच्या मागच्या पानांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धूळ, घाट, सतत छोट्या फेऱ्या असतील तर सर्व्हिस लवकर करा. ते पान गिऱ्हाइकाला उघडून दाखवलं की तो आधी आमच्याकडेच संशयाने बघतो. बिल वाढवायची युक्ती वाटते त्याला.