जुनी डिझेल गाडी घेताय? आधी हे तपासा

मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे डिझेल डिझायर, अर्टिगा आता जुन्याच मिळतात. रोजचं रनिंग जास्त असेल तरच डिझेल परवडतं.

गाडी सकाळी बघा. इंजिन गार असतानाच चालू करायला लावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिनकाम निघालं तर स्वस्तातली गाडी महागात पडते.

आरसीवर बोजा असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ऑनलाइन दंडाच्या पावत्याही बघा. फॉर्म 29 व 30 वर सह्या घेऊन नाव लगेच लावून घ्या, 14 दिवसांत विमाही नावावर करा. टायर, क्लच, बॅटरीसाठी थोडे पैसे मागे ठेवा.