पदवी नसलेल्या गुरूची शाळा

वन्यजीवशास्त्र घेऊन शिकणारी मुलं आता आपल्या ओळखीपाळखीतही दिसू लागली आहेत. माझी भाची त्यांतलीच एक. तिच्या प्रवेशाच्या वेळी माझ्या आपांनी विचारलं होतं, ''अरे, पाखरं मोजून कुणाचं पोट भरतं का?'' प्रश्न रास्त होता. त्याला तयार उत्तर नाही, पण एका माणसाची हकीकत आहे. ती म्हणजे डॉ. सालिम अली यांची.

सालिम अलींचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं आणि खेतवाडीत मामांनी त्यांना वाढवलं. सेंट झेवियर्समधलं शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायात गेले. १९१७ साली मुंबईला परतल्यावर दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागले. पण झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा ओढा ओळखला. मग एकीकडे हिशेब आणि दुसरीकडे प्राणिशास्त्राचे वर्ग, अशी दुहेरी हजेरी सुरू झाली. अभ्यासक्रम पुरा झाला, पदवी मात्र पदरी पडली नाही.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातली पक्षीशास्त्रज्ञाची जागा पदवीअभावी हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. आपलं शिक्षण अपुरं आहे हे जाणून ते १९२८ साली रजा काढून बर्लिनला गेले आणि प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती!

नोकरी नाही म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सालिम अली रोज ती निरखत बसले. आपल्या मराठीत सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी. आम्हा कवींनीही घरटं विणणारी म्हणून तिचंच कौतुक केलं. किहीमला दिसलं ते वेगळंच. घरटं विणतो तो नर. ते अर्धं झालं की मादी येऊन पारखते. पसंत पडलं तर संसार मांडते आणि नर ते पुरं करून दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या मादीसाठी लागतो. हा अभ्यास १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

पुढे मुंबई विद्यापीठाने या सोसायटीत राहून पक्ष्यांवर संशोधन करणाऱ्यांना पदवी देण्याची सोय केली. मार्गदर्शक होते सालिम अली. त्यांचे आरंभीचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांनी विषय निवडला तो सुगरणीचाच. १९५८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सालिम अलींना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९८२ साली डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था उभी राहिली. आज अलीगढलाही वन्यजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

या हकीकतीवरून कुणी म्हणेल, मग पदवी हवीच कशाला? मला तसं वाटत नाही. पदवीवाचून काय अडतं हे सालिम अलींनी भोगलं होतं, म्हणूनच बत्तिसाव्या वर्षी ते पुन्हा विद्यार्थी झाले. आजच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र यावं लागतं, कॅमेरा ट्रॅप लावता यावा लागतो, कायदा ठाऊक असावा लागतो. जंगल राखायचं तर नुसत्या प्रेमावर भागत नाही. तिथे किती जनावरं आहेत, काय खातात, कुठून येतात-जातात, हे पुराव्यानिशी मांडावं लागतं. पण हा पुरावा गोळा होतो तो किहीमच्याच रीतीने. जागेवर बसायचं आणि ऐकीव गोष्टीपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवायचा.

एवढं तर आपणही करू शकतो. पावसाळ्यात गावाबाहेरच्या विहिरीवर, बाभळीच्या नाहीतर ताडाच्या झाडाला सुगरणीची घरटी लोंबताना दिसतील. घटकाभर थांबा आणि पाहा, विणतंय कोण.