पिसाळलेले कुत्रे आणि गावाची जबाबदारी

वारणानगर म्हटले की साखर आणि दूध या दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने येथे आधी साखर कारखाना उभा राहिला आणि १९६८ साली दूध संघ आला. आता दारी म्हैस असली की राखणीचे कुत्रेही असायचेच. ते पिसाळले तर पोराला चावते, तसेच गोठ्यातल्या म्हशीलाही चावते. म्हणून हा प्रश्न एकट्या डॉक्टरचा नाही, एकट्या पशुवैद्याचाही नाही. तो साऱ्या गावाचा आहे. एवढी साधी गोष्ट उमगायला आपल्या मुलुखाला दोनशे वर्षे लागली. कशी, ते पाहू.

रोग फार जुना. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे आणि पाण्याची धास्ती घेतलेल्या रोग्याचे वर्णन आहे. असा रोगी वाचत नाही, हेही तेव्हाच्या वैद्यांना ठाऊक होते.

इंग्रजी अंमलात सरकारला एकच उपाय दिसला : कुत्री मारा. मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम असे. १८३२ साली मारण्याची मुदत वाढवली, आणि मारेकऱ्यांना कुत्र्यामागे बक्षीस मिळत होतेच. बक्षिसाच्या लोभाने ते पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान. ६ जून रोजी लोक खवळले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, शेवटी लष्कर बोलवावे लागले. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ काढला. लोकांना बरोबर न घेता काढलेला हुकूम कसा उलटतो, त्याचा हा पहिला धडा.

यानंतर विद्येने वाट दाखवली. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला लस टोचायला सुरुवात केली, आणि पोरगे वाचले. रोगाचे विष जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जाते. ते पोचण्याआधी लशीने शरीर सज्ज करायचे, असे हे गणित. आपल्याकडे १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. परळच्या हाफकिन संस्थेतही लस होऊ लागली. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही आपल्या वाडवडिलांची धास्ती आली ती याच लशीतून. तिने पुष्कळ जीव वाचवले. पण क्वचित कुणाला तिच्यामुळेच लकवा होई. ही लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता पेशींवर वाढवलेली लस दंडात देतात, आणि पोटात सुई नाही.

पण लस माणसाला वाचवते. रोग राहतो तो कुत्र्यांत. कुत्री मारूनही तो हटला नाही, कारण उकिरडा तसाच राहिला की रिकाम्या जागी दुसरी कुत्री येतात. तेव्हा २००१ च्या केंद्रीय नियमांनी नसबंदी आणि लसीकरणाचे काम स्थानिक संस्थांवर सोपवले. २०२३ साली त्या जागी नवे नियम आले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरसाल लस टोचली की रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यात हे करून दाखवले आहे. २०१३ नंतर तेथे गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून माहिती दिली, पिसाळल्याच्या वर्दीवर पथके धावली. २०१९ पर्यंत कुत्र्यांतला रोग ९२ टक्क्यांनी घटला.

मग आपण काय करायचे? चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. चुना, मिरचीपूड लावू नये. भगताकडे वेळ दवडू नये. तडक प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचे औषधही भरावे लागते. कुत्रे बांधून १० दिवस पाहावे, पण त्यासाठी लस थांबवू नये. म्हशीला चावले तर जनावरांच्या डॉक्टरला कळवावे. तिलाही चावल्यानंतरची लस असते. पिसाळलेल्या जनावराचे दूध डेअरीत घालू नये.

गुरुजनांना एक विनंती. मार बसेल या भीतीने मूल चावल्याचे लपवते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी रोग उमटला की इलाज उरत नाही. ‘ओरखडा निघाला तरी सांगा, कोणी रागावणार नाही,’ एवढे वर्गात वरचेवर बोलावे. ग्रामपंचायतीने कुत्र्यांची वही ठेवावी : कोणाचे कुत्रे, लस कधी टोचली, पुढची कधी. दुधाचा थेंब न् थेंब रोज मोजून वहीत लिहिणाऱ्या वारणाकाठाला ही आणखी एक वही जड जाऊ नये.